हॉर्न मी वाजवला नव्हता

परवा शनिवारी आमच्या गाडीचा मेंदू बदलला... हसू नका, खरंच असा एक डबा असतो गाडीत.

त्याआधीचे दिवस मात्र मी फार घाबरून काढले. कारण घरात सगळ्यांचं मत झालं होतं की मेंदू माझा गेलाय.

आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहतो. मी आठवी शिकलेला माणूस, आयुष्यभर एका साहेबांची गाडी चालवली. आता मुलाची, मिलिंदची गाडी चालवतो... म्हणजे बायकोला बेव्हर्ली पार्कला गुडघ्यांच्या फिजिओथेरपीला नेतो-आणतो. रिक्षात तिला चढता येत नाही. तेवढंच एक काम माझ्याकडे उरलंय.

सुरुवात आतल्या दिव्यापासून झाली. सकाळी खाली गेलो तर गाडीतला दिवा चालू, बॅटरी डाऊन. मिलिंद म्हणाला, "पप्पा, लाईट बंद करायला विसरलात." मी म्हटलं, बंद केल्याचं मला चांगलं आठवतंय. तर म्हणतो, "विसरणाऱ्याला आपण विसरलो हे कुठे आठवतं?"

मग काचा उघड्या सापडायला लागल्या. एकदा सिग्नलला कडक उन्हात वायपर आपोआप सुरू झाले. बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "चाचा, बारिश कहां हो रही है?"

विहारात तर कहर झाला. वंदना चालू, सगळे डोळे मिटून बसलेले आणि बाहेर हॉर्न वाजायला लागला... थांबेचना. चावी माझ्या खिशात. मी डोळे अजून घट्ट मिटून घेतले. शेवटी शेजारच्या कांबळेबाईंनी कोपराने ढोसलं, "भाऊ, तुमचीच आहे ती."

मी मुळातच काळजी करणारा माणूस. गॅस बंद करून परत बघायला जाणारा. आता बसल्याबसल्या जुने रस्ते आठवून बघायचो... साहेबांना कुठून नेलं, कुठल्या नाक्यावर वळलो. सगळं बरोबर आठवायचं. मग वाटायचं, जुनं आठवतं आणि नवं विसरतं, हेच तर लक्षण असतं म्हणे!

मग एक युक्ती केली. गाडी लावली की बंद काचेचा फोटो मोबाईलवर काढायला लागलो. एक दिवस सकाळी काच उघडी दिसली, तसा आदल्या संध्याकाळचा फोटो मिलिंदच्या नाकापुढे धरला. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे फोटो काढल्यावर तुम्ही परत खाली गेलात... आणि तेही विसरलात."

मी मोबाईल खिशात ठेवला.

त्याने गाडी विकायचं ठरवलं. "पप्पा, उद्या तुम्हाला काही झालं तर?" चिडून बोलला असता तर मी भांडलो असतो. तो मायेने बोलला, म्हणून जास्त भीती वाटली.

विकण्याआधी एकदा तपासून घेऊ म्हणून मिलिंदने गाड्यांची इलेक्ट्रिक कामं करणाऱ्या इरफानभाईला बोलावलं. त्याने गाडीला मशीन जोडलं, मग स्टेअरिंगखाली डोकं घातलं. बराच वेळ आम्हाला नुसते त्याचे पाय दिसत होते. शेवटी एक काळा डबा घेऊन बाहेर आला. एसीचं पाणी झिरपून त्याला आत हिरवट गंज चढला होता.

"चाचा, ये बीसीएम है. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. लाईट, वायपर, काच, लॉक, हॉर्न... सबको यही ऑर्डर देता है. ये पागल हो गया है."

मिलिंद शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "कौन पागल हो गया है?"

"डिब्बा, चाचा."

"जरा जोर से बोलो."

तो जोरात बोलला. मग मी वॉचमनलाही बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर परत एकदा बोलायला लावलं.

शनिवारी नवीन डबा बसला. इरफानभाई म्हणाला, नवीन डबा जुन्या चाव्यांना ओळखत नाही, ओळख करून द्यावी लागते. दोन्ही चाव्या आणा.

दुसरी चावी... ती कपाटाच्या खणात असायची. वर येऊन सगळा खण उपसला, गाद्या उचलून पाहिल्या. चावी नाही. कुठे ठेवली ते काही केल्या आठवेना. खाली सगळे वाट बघतायत आणि मी घामाघूम. आत्ताच तर शहाणा ठरलो होतो!

बायको दारात उभी राहून बघत होती. मग तिने दुधाच्या पिशवीतून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पहाटे दूध आणायला जाते ना, तेव्हा गाडी बघून येते," ती म्हणाली. "काच उघडी असली तर लावते, दिवा असला तर बंद करते... मिलिंद उठायच्या आत. गुडघा धरला की त्या दिवशी तेवढं राहून जायचं."

म्हणजे मला बोलणी बसली ती फक्त तिचा गुडघा धरला त्या दिवसांची!

"तुलाही वाटत होतं मी विसरतोय?"

"वाटत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही जेवला असता का?"

हसावं की रडावं कळेना. ज्या गुडघ्यांसाठी मी गाडी चालवत होतो, तेच गुडघे घेऊन ती माझी चूक झाकायला खाली उतरत होती... आणि चूक तर माझी नव्हतीच.

गाडी आता शहाण्यासारखी वागतेय. विकायचा विषय मिलिंदने परत काढला नाही. सॉरी म्हणाला, मीही ऐकून घेतलं.

बायकोला थँक्यू म्हणायची आमच्या पिढीला सवय नाही. म्हणून इथे लिहितोय. ती फेसबुक बघत नाही... सूनबाई, एवढं तिला वाचून दाखव. तू वाचशील तेवढा वेळ मी खाली गाडी पुसत बसतो.