पाणमांजराची न धुतलेली आई

हां, तर बादली. काल आपण तिथंच थांबलो होतो. आत्याच्या हातात बादली, बादलीत उन्हानं फुगलेली माशांची मुंडकी, आणि समोर मोडक्या पंखाचा, हातभर चोचीचा एक पक्षी. परदेशातली पहिलीच सकाळ. प्रवासाचा शीण अजून पायांतून गेला नव्हता. आत्यानं मान एकीकडे वळवली, श्वास रोखला आणि दोन बोटांच्या चिमटीत एक मुंडकं धरून पुढं केलं. पक्ष्यानं ते गिळलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि सगळंच्या सगळं परत तिच्या बुटावर ओकून टाकलं. तिथले जनावरांचे डॉक्टर मागंच उभे होते. म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, नवीन माणूस पाहिलं की तो ओकतो, त्याचा नमस्कारच समजा.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण ही आत्या होती. भावाच्या मुली तिला आत्या म्हणतात म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणते. चष्म्याच्या दुकानात पंचवीसेक वर्षं काचा पुसतेय. दुसऱ्याचा कंगवा वापरणार नाही, बसमध्ये दांडी धरायची तर रुमालातून धरणार. तरुणपणी एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं, मुलगा देखणा, नोकरीला. खाणंपिणं झालं आणि त्यानं पडद्याला हात पुसले. झालं. पडदाही गेला आणि मुलगाही गेला. वडील चिडले, आई रडली, पण आत्याचं एकच म्हणणं, जो आज पडद्याला पुसतो तो उद्या मला पुसेल.

अशी बाई प्राण्यांची शुश्रूषा करायला परदेशात गेली कशी? जायची होती भाची. जखमी, पोरक्या रानटी प्राण्यांना बरं करून परत रानात सोडणारी ती संस्था. भाचीनं नाव घातलं, तिकीट काढलं आणि ऐन वेळी तिला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. जेवताना भाऊ म्हणाला, पासपोर्ट काय तो आत्याचाच तयार आहे, तिलाच पाठवू. सगळे हसले. वहिनी जरा जास्तच हसली. म्हणाली, "ह्यांना? गॅलरीत कबुतर बसलं तर ह्या गॅलरी धुतात. ह्या काय जनावरांचं करणार!" आत्यानं ताट सारलं, हात धुतले आणि दुकानात बिनपगारी लांब रजेचा अर्ज दिला. वहिनीच्या एका वाक्यानं माणसं कुठल्या कुठं पोचतात.

तर तिथं पोचली आणि आगीतून फुफाट्यात पडली. सकाळी पिंजरे खरवडायचे. ते झाले की अळ्या निवडायच्या, पक्ष्यांच्या पिल्लांसाठी, जिवंत वेगळ्या, मेलेल्या वेगळ्या. फ्रीज उघडला की एका कप्प्यात स्वयंसेवकांचं दूध आणि खालच्या कप्प्यात गोठवलेले उंदीर, शेपटीला शेपटी लावून. आत्या काळा चहा प्यायला शिकली. रोज संध्याकाळी दोनदा अंघोळ करायची आणि अंथरुणावर पडून हात हुंगायची. वास जायचा नाही. परत यावंसं दिवसातून दहादा वाटायचं, पण वहिनीचं हसू आठवलं की पुन्हा खरवडणी हातात घ्यायची.

मग आलं पाणमांजराचं पिल्लू. आई जाळ्यात अडकून मेलेली, हे जेमतेम डोळे उघडलेलं, ओल्या मोज्याएवढं. आता अशा पिल्लाला वाढवायची तिथं एक रीत होती. त्याला दूध पाजणाऱ्यानं एक लांब झगा घालायचा, डोक्यावरून टोपडं, तोंडावर जाळी. आणि हा झगा आधी दोन म्हाताऱ्या पाणमांजरांच्या गुहेत टाकून ठेवायचा. त्यांनी त्याच्यावर लोळायचं, झोपायचं आणि बाकीचंही सगळं उरकायचं. धुवायचा कधीच नाही. पिल्लाजवळ तोंडातून शब्द काढायचा नाही. पिल्लाला वाटलं पाहिजे, हा वास म्हणजे आपली आई. माणसाची सवय लागली तर ते पुढं नदीत सोडता येत नाही. कुठल्याही माणसापाशी भीक मागत जाईल आणि काठीनं मरेल.

झगा घालायला कुणी तयार होईना. एक तगडा गडी नुसत्या वासानं बाहेर जाऊन वाकला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याची परदेशी भाषा शाळेतली, वाक्य जुळवेपर्यंत विषय संपायचा. ती 'मला जमणार नाही' हे मनात जुळवत होती, तोवर डॉक्टरांनी तिच्या हातात झगा दिला.

पहिल्या दिवशी तिनं तो घातला. त्याला वास म्हणायचं म्हणजे वासाचा अपमान. कुजका मासा, भिजलेलं गोणपाट आणि तुंबलेलं गटार एकत्र उकळावं तसं काहीतरी. वर बोलायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण पिल्लू त्या झग्याला बिलगलं आणि चुरूचुरू दूध प्यालं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं काय करावं? झगा धुतला. घरून नेलेल्या साबणानं, गरम पाण्यात, दोनदा. उन्हात वाळवला, घडी घातली आणि मोठ्या समाधानानं घालून आत गेली. पिल्लू तिच्यापासून जे पळालं ते कोपऱ्यात जाऊन शिट्टीसारखं किंचाळत बसलं. दुपारपर्यंत दूध नाही. डॉक्टर आले, झगा हुंगला आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही त्याची आई धुऊन टाकलीत."

मग आत्यानं काय केलं माहीत आहे? झगा त्या म्हाताऱ्या जोडीच्या गुहेत नेला आणि त्यांच्या उकिरड्यावर अंथरून स्वतःच्या हातांनी दाबून दाबून माखला. पुसायला पडदाही नव्हता. डोळ्यांतून पाणी आणि ओठ घट्ट मिटलेले. संध्याकाळी पिल्लू पुन्हा झग्यात शिरलं. त्यानंतर तिनं तो झगा कधी धुतला नाही, पण आवडूनही कधी घेतला नाही. रोज घालताना अंगावर काटा यायचा, रोज काढताना ओकारी दाबायची.

ही झाली जनावरांची घाण. तिचं काही नाही, ती धुता येते. दुसरी घाण आत्याला आवाराच्या पुढच्या बाजूला दिसली.

तिथं पाहुण्यांचा कोपरा होता. संस्थेच्या संचालकबाई साखरेत घोळल्यासारखं बोलायच्या, म्हणून आत्यानं मनातल्या मनात त्यांचं नाव गोडबाई ठेवलं होतं. या गोडबाईंनी त्या कोपऱ्यात एक कोल्हा ठेवला होता. गळ्यात रंगीत पट्टा. लहानपणी लाडानं माणसाळला, म्हणून सोडता आला नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला मांडीवर घ्यायचा, चिकट हातांनी बिस्किटं भरवायचा, फोटो काढायचा. कुरवाळून कुरवाळून त्याच्या डोक्यावरचे केस गेले होते, पोट जमिनीला टेकत होतं. तो कुणाला चावत नव्हता, कुणाकडे बघतही नव्हता. हातातून हातात जायचा, एखाद्या पायपुसण्यासारखा. मुंडकी, अळ्या, झगा, सगळं पचवलेली आत्या त्या दिवशी भिंतीआड जाऊन ओकली.

आणि मग एका दुपारी ती पिल्लाची बाटली घेऊन जरा लवकर गेली, तर पिल्लाच्या खोलीत हसणं ऐकू आलं. एक नवरा-बायको स्वयंसेवक म्हणून आले होते, कामापेक्षा कॅमेराच जास्त चालवायचे. बायको जमिनीवर बसलेली, पिल्लू तिच्या मांडीवर उताणं, ती त्याला मासा भरवतेय, पाप्या घेतेय, आणि नवरा फोटो काढतोय. ना झगा, ना जाळी. आणि पिल्लू मजेत. म्हणजे ही काही पहिली दुपार नव्हती.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक गोडबाईंकडे गेली. गोडबाई गोड हसल्या. त्यांनीच तर परवानगी दिली होती. बिचाऱ्याला प्रेम नको का, म्हणाल्या. कोल्हा आता म्हातारा झाला, कोपऱ्यात नवीन काहीतरी हवंच आहे, आणि पाणमांजर म्हटलं की लोक वेडे होतात. पिल्लाला तिथं दोन वेळचं खायला मिळेल, नदीत काय आहे.

आत्याच्या डोळ्यांपुढं त्या कोल्ह्याचं टक्कल आलं.

डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते आधी पिल्लाला बघून आले. म्हणाले, नियम एकच आहे आणि तो मी मोडणार नाही. ते मोठं होऊन मासे धरायला लागलं की चाचणी. झगा न घातलेला माणूस हातात मासा घेऊन आत जाणार. पिल्लू जवळ आलं तर कोपरा. लपलं तर नदी. मग त्यांनी जोडप्याला बंदी केली, खोलीला कुलूप लावलं, पण लागलेली गोडी कुलपानं जात नाही. "त्याला माणसाची किळस यायला हवी," डॉक्टर म्हणाले, "आणि ती कशी शिकवतात ते मला माहीत नाही."

किळस! आत्याला आयुष्यात दुसरं काय येत होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं सुगंधी साबणानं अंघोळ केली, धुतलेले इस्त्रीचे कपडे घातले, तोंड उघडं ठेवलं आणि हातात पत्र्याचं ताट आणि पळी घेऊन आत गेली. पिल्लू धावत आलं. तिच्या बुटांवर दोन पाय ठेवून उभं राहिलं, गुडघ्याला नाक लावलं. इतके दिवस ती त्याला जाळीतूनच बघत होती. उघड्या हाताशी ते आज पहिल्यांदा आलं होतं. मऊ, गरम, ओलसर नाक. आणि नवल म्हणजे तिला काहीच घाण वाटली नाही. अंगावर काटा नाही, मळमळ नाही. हात आपोआप खाली गेला.

तो तिनं मागं घेतला आणि त्याच्या कानाशी पळीनं ताट बडवलं. बडवत राहिली. पिल्लू कोलमडलं, भिंतीवर आपटलं, ती ओरडत त्याच्या मागं गेली, त्याच्या अंगावर गार पाण्याचा तांब्या ओतला. बाहेर आली, तो घाणेरडा झगा चढवला आणि पुन्हा आत गेली. पिल्लू थरथरत झग्याच्या घडीत शिरलं आणि कितीतरी वेळ बाहेर येईना. आत्याला तिथं बोलता येत नव्हतं, रडायचं तरी आवाज न करता. तिला त्या वेळी झग्याची किळस आली नाही. आली ती साबणाच्या वासाची, आणि तो वास तिच्या स्वतःच्याच हातांना होता.

असं रोज चाललं. आधी बाई, मग आई. हळूहळू साबणाचा वास दाराशी आला की पिल्लू खोलीत केलेल्या बिळात जायला लागलं.

चाचणीच्या दिवशी गोडबाई म्हणाल्या, मासा घेऊन मीच जाते. त्यांना खात्रीच होती. नवीन बूट, गळ्यात सुगंधी रुमाल, आत जाऊन खाली वाकल्या आणि अशा काही लाडात बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. पिल्लू बिळाच्या तोंडाशी आलं. काचेपलीकडे आत्यानं डॉक्टरांची बाही धरली, तीही रुमालाशिवाय. पिल्लानं नाक वर केलं, हुंगलं. गोडबाईंनी मासा आणखी पुढं केला. पिल्लानं दात दाखवले, लांब शिट्टी मारली, पाठ फिरवली, शेपटी उचलली आणि त्या नवीन बुटांवर आपलं जे काही मत होतं ते मोकळेपणानं सांडलं. मग बिळात गेलं ते गेलंच.

डॉक्टर म्हणाले, "नदी."

सोडायला सगळे गेले होते. नदीकाठी पेटी ठेवली, दार उघडलं. झगा घातलेली आत्या थोडी लांब उभी राहिली. पिल्लू बाहेर आलं, पाणी हुंगलं आणि एखादी चप्पल घसरावी तसं पाण्यात घसरलं. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं पाण्यावरचे बुडबुडेही दिसेनासे झाले.

गोडबाई डोळे पुसत होत्या. आत्याकडे वळून म्हणाल्या, हे तुमचं काम आहे हे मला कळलंय. बिचाऱ्या जिवाला तुम्ही माणसाच्या प्रेमापासून कायमचं तोडलंत, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?

आत्यानं तोंडावरची जाळी वर केली. या वेळी तिला वाक्य जुळवायला वेळ लागला नाही.

"मी इतके दिवस तुमच्यात राहिले आहे बाई, म्हणून खात्रीनं सांगते, त्याचं फारसं काही बुडालेलं नाही."