पाइप खाली ठेवजा

पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला की मी स्कूटी काढते आणि भिलाईतल्या रुआबांध्याहून हायवेच्या त्या भरावाशी जाऊन उभी राहते. कुणी पाठवत नाही. कंटाळा येतो, गुडघे दुखतात, तरी जाते. भरावाच्या पायथ्याला भिंत आहे, भिंतीत पाइपांची एक रांग आहे. त्यांतून पाणी ठिबकताना दिसलं की घरी परतते.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज बोलून जातो. माझ्या इंजिनिअरच्या नोकरीत ते खरोखरच मुरतं. मुरमात शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट मिळाली नाही, तर माती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा भार भिंतीवर येतो. इतकं साधं आहे, आणि ते सांगून सांगून मी थकले आहे.

ही भिंत दुसऱ्यांदा बांधलेली. पहिल्या वेळी साइटवर भंडाऱ्याकडचे एक वयस्क सुपरवायझर होते. हिंदी जेमतेम यायची आणि साइटवरचा सगळा कारभार हिंदीत. मी भिलाईतच वाढलेली, माझी मराठी घरापुरती, पण तेवढ्यावरही ते खूश. "बाई, तुमच्यासंग बोललो का मले घरी आल्यासारखं वाटते जी," म्हणायचे. म्हणून मी त्यांच्याशी मुद्दाम मराठीत बोलायची.

काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी मी फोनवर सांगितलं, "भाऊ, पाइप खाली ठेवजा." म्हणजे रिकामे, आत काँक्रीट जाऊ देऊ नका. आमच्या घरात डबा खाली असतो, गिलास खाली असतो. त्यांनी ऐकलं ते दुसरं खाली. सगळी रांग हातभर उतरवून जमिनीलगत बसवली. सकाळी मरोद्याच्या कामावरून यायला मला उशीर झाला, काँक्रीटच्या गाड्या खोळंबलेल्या, मी वाकून न पाहता सही केली. पुढे कडेची नाली झाली, पाइपांची तोंडं तिच्या गाळात गेली. पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि एका दुपारी भराव घसरला. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

चौकशीत कुणा एकाला घरी बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला दुसरीकडे काम मिळालं असतं. त्यांना त्या वयात कुणी उभं केलं नसतं.

उकरून काढलेला एक पाइप टेबलावर होता, गाळानं गच्च भरलेला. साहेबांनी मला विचारलं, "आपने क्या बोला था?"

"पाइप खाली रखना."

हिंदीत खाली म्हणजे रिकामंच, वाक्य बिनचूक होतं. साहेबांनी मान हलवली. सहीचं कुणी विचारलं नाही, मीही काढलं नाही. भित्री आहे मी, दुसरं काय.

मग ते सुपरवायझरकडे वळले. "मॅडम ने बोला था?"

मला वाटलं, आता हे भांडतील. भांडायलाच हवं होतं.

"हो जी," ते माझ्याकडे विश्वासानं बघत म्हणाले. "बाईनं खालीच सांगतलं होतं. मी खालीच ठेवले."

साहेबांनी तो गच्च पाइप त्यांच्यापुढे सरकवला. "ये खाली है?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या खोलीत दोन्ही भाषा समजणारी मी एकटीच होते, आणि मी गप्प बसले.