शिंगातला उजेड

ठासणीच्या बंदुकीचा नाद मला आणि शेजारच्या बाबल्याला एकदमच लागला. बंदुकीची दारू ठेवायला मी पितळी कड्यांचं महागडं शिंग विकत आणलं. त्याने आपल्या मेलेल्या बैलाचं शिंग उकडून काचेच्या तुकड्याने महिनाभर खरवडलं. आज त्याने ते उन्हात धरलं तेव्हा मधासारखं उजळलं, आतली दारू किती उरली तेही बाहेरून दिसलं. माझ्या पोटात दुखलं. कशाला लपवू?

"मलाही एक करून दे ना. शिंग मी आणतो."

"शिंग मिळेल रे," ते शर्टाला पुसत तो म्हणाला. "पण हा पवळ्या आहे. नांगर धरून बारा वर्षं ह्याच्या मागे चाललोय मी."

तो गेल्यावर मी माझं शिंग उन्हात धरलं. पितळ तेवढं चमकलं.