बाणवाल्या बाई

वर्षभर आखडलेला माझा उजवा खांदा एकदाचा सुटला तेव्हा फिजिओ म्हणाली, "आता तो वापरत राहा, नाहीतर पुन्हा रुसून बसेल." पोहायला मला आवडत नाही, आणि जिममध्ये आरशासमोर उभं राहायची लाज वाटते. बर्मिंगहॅममधली आमची बस जिथे संपते तिथे एका मैदानाच्या कडेला तिरंदाजीचा क्लब आहे आणि तिथे नवशिक्यांना सहा आठवडे शिकवतात, असं कळलं. एवढ्याच कारणासाठी मी, पुण्यात वाढलेली, अठ्ठेचाळीस वर्षांची, गाड्यांच्या सुट्या भागांची थरथर मोजणारी इंजिनिअर, हातात धनुष्य घेऊन उभी राहिले.

क्लबात बहुतेकांकडे चाकं-तारांची आधुनिक धनुष्यं होती. मला आवडलं ते कोपऱ्यातलं साधं लाकडी लाँगबो, म्हणजे एकाच लांब काठीचं जुन्या पद्धतीचं धनुष्य. त्याला बाण टेकवायला कट्टासुद्धा नसतो. बाण सरळ आपल्या मुठीवर टेकतो. मी ते उचललं तेव्हा मागून आवाज आला, "ते घेणार असशील तर बाण माझ्याकडून घे, बॅब."

बर्मिंगहॅमच्या बोलीत लहानथोर सगळेच एकमेकांना 'बॅब' म्हणतात, त्यात लाडही असतो आणि नसतोही. या बाई पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. तीस वर्षं त्यांनी याच शहरात बस चालवली होती. बाण करायला वडिलांकडून शिकलेल्या. त्यांनी मला सहा बाण मारायला लावले, माझ्या शेजारी उभ्या राहून फक्त ऐकलं, मग माझ्या हाताची लांबी वीतभर-वीतभर मोजली. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले आठ बाण माझ्या हातात दिले. पाइनच्या दांड्या, करडी पिसं, पितळी टोकं.

ते बाण कसे जायचे ते मला सांगता येणार नाही. म्हणजे, मी अजिबात चांगली तिरंदाज नव्हते, तरी ते चाळीस यार्डांवर गवताच्या गोल लक्ष्यावर एकमेकांशेजारी जाऊन बसायचे. घरी येऊन मी नवऱ्याला फोटो दाखवायचे. तो भूल देणारा डॉक्टर आहे, फारसं काही वाटून न घेण्याची त्याची सवय आहे, पण तोही म्हणाला, "अगं, हे तू मारलेस?"

मग मला शहाणपण सुचलं.

दोरी पूर्ण ओढली तरी बाण धनुष्याच्या पुढे दीडेक इंच उरायचा. मला ते डोळ्यांत खुपायचं. फुकटचं वजन, दुसरं काय! मी ऑफिसमध्ये रोज असलंच फुकटचं वजन कमी करते. एका रविवारी मी गॅरेजमध्ये आठही बाणांची टोकं काढली, दांड्या दीड दीड इंचाने कापल्या, घासल्या, आणि वर ऑनलाइन मागवलेली हलकी टोकं बसवली. दिसायला फार देखणे झाले.

पुढच्या शनिवारी आठच्या आठ बाण डावीकडे गेले. थोडे नव्हे, लक्ष्याच्या कडेला. दोन तर मागच्या जाळीत. मी वाऱ्याला दोष दिला. त्याच्या पुढच्या शनिवारी वारा नव्हता, तेव्हा बोटांना दिला. मग खांद्याला. महिनाभर मी उजवीकडे नेम धरून डावीकडचं भरून काढायचा प्रयत्न करत होते, आणि बाई मागच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. त्या बघत नाहीत असं मला वाटायचं.

"तुझ्या बाणवाल्या बाईंना विचार ना सरळ," नवरा म्हणाला.

"काय विचारू? तुमचे बाण मी कापले म्हणून?"

"हो. तसंच विचार."

शेवटी गेले. त्यांच्या घरामागच्या बागेत एक शेड आहे, तिथे त्या काम करतात. आत लाकडाचा आणि सरसाचा वास, भिंतीवर दांड्यांचे जुडगे. मी भात्यातून एक बाण काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही तळहातांत घेतला, टोकापासून शेपटापर्यंत बोटं फिरवली आणि विचारलं, "किती?"

"दीड इंच."

"आणि टोकं हलकी?"

"हो."

"म्हणजे दोन्ही चुका एकाच दिशेने केल्यास. नीटनेटकं काम आहे, बॅब."

मी माफी मागणार होते, पण त्यांनी माझ्या हातात एक लांब, बारीक, न कापलेली दांडी दिली. म्हणाल्या, एक टोक भिंतीला लाव आणि दुसरीकडून तळहाताने ढकल. मी ढकललं. दांडी मधोमध वाकून बाहेर आली.

"धनुष्य मध्ये येतं की नाही?" त्या म्हणाल्या. "तू उजव्या हाताने ओढतेस, बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकलेला. दोरी मात्र त्याला ढकलते ती धनुष्याच्या मधोमध. सरळ गेला तर तो डावीकडेच जाणार."

"मग सरळ जातो कसा?"

"सरळ जातच नाही. वळसा घालून जातो. मागून धक्का बसला की टोक जागचं हलायला तयार नसतं, म्हणून मधली काठी वाकते. आधी पोट धनुष्याकडे, मग पोट बाहेर, मग पुन्हा आत, तोवर शेपूट बाहेर निघालेलं असतं. पिसं धनुष्याला शिवतसुद्धा नाहीत. पण काठी बरोबर तेवढीच वाकली पाहिजे. तुझ्या धनुष्याला जेवढी हवी तेवढीच. आखूड केलीस, टोक हलकं केलंस, आता ती वाकायलाच तयार नाही. ताठ मानेने डावीकडे जाते."

आखूड दांडी ताठर होते, हे मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकले होते. त्यावर परीक्षेत मार्कही मिळवले होते. शेडमध्ये उभ्या उभ्या माझे कान तापले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खणातून जड टोकांची पुडी काढली आणि माझ्यासमोर ती बदलायला बसल्या. "पूर्ण नाही जमणार," म्हणाल्या, "पण जाळी तरी वाचेल."

त्या दिवशीच मला कळलं की त्यांना नीट दिसत नाही. टोक दांडीवर बसवताना त्या मान तिरकी करून, कडेने बघत होत्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, गेली चार वर्षं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण त्याच्या मागची खिडकी दिसायची.

"मग माझ्यासाठी बाण कसे केलेत?" मी विचारलं.

त्यांनी बाकावर वीसेक दांड्या पसरल्या. एकेक उचलून दोन्ही टोकांना धरायच्या, अंगठ्याने मधोमध दाबायच्या आणि इकडे किंवा तिकडे ठेवायच्या. मऊ, मधल्या आणि ताठर असे तीन ढीग झाले. मग त्यांनी एक लाकडी पाट पुढे ओढला. त्यावर दोन खिळे, मध्ये लटकवायला वजन आणि कडेला एक काटा. दांडी खिळ्यांवर आडवी ठेवायची, वजन लटकवायचं, ती किती वाकली ते काटा दाखवतो. हा पाट त्यांच्या वडिलांनी केलेला. आता त्यांना काटा वाचता येत नव्हता.

"वाच," त्या म्हणाल्या. "मी कुठे चुकते ते मला कळायला हवं."

मी वाचत गेले. वीसपैकी एकोणीस दांड्या बरोबर ढिगात होत्या. एक चुकली होती. मला वाटलं, त्या ते नाकारतील, किंवा पाटालाच दोष देतील. पण त्यांनी ती दांडी परत मागून घेतली, खूप वेळ अंगठ्याखाली दाबत राहिल्या, मग म्हणाल्या, "हं. इथे लाकडाची रेषा वळलीय. मी उलट्या अंगाने धरली." आणि तिला योग्य ढिगात टाकलं. इतकी वर्षं एखादं काम केल्यावर स्वतःची चूक अशी मिटक्या मारत शोधणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यानंतर मी दर गुरुवारी ऑफिसातून सुटल्यावर शेडवर जायला लागले. मी काटा वाचायचे, त्या रंधा मारायच्या. कधी मी पोह्यांचा डबा न्यायचे. त्यांना लिंबू पिळलेले आवडायचे, हिरवी मिरची त्या बाजूला काढून ठेवायच्या. बोलता बोलता एकदा सहज म्हणाल्या, "वडील सांगायचे, बाण माशासारखा पोहत जातो. मीही सगळ्यांना हेच सांगते."

"तुम्ही बघितलंय कधी?"

"कसं बघणार? डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलेला असतो."

आमच्या टेस्ट लॅबमध्ये एक कॅमेरा आहे, सेकंदाला काही हजार चित्रं घेणारा. त्यावर आम्ही पंखे आणि पट्टे बघतो. मी मॅनेजरला विचारलं, तर तो म्हणाला, सोमवारी सकाळी जागेवर पाहिजे आणि चित्रफीत मलाही दाखव. शनिवारी दुपारी मी तो क्लबच्या मैदानावर शेजारी लावला, बाण सोडला, आणि पडद्यावर बघितलं तर काहीच नाही. बाण सरळसोट निघून गेलेला. "छे," एवढंच मी पुटपुटले. बाईंना आवाजावरूनच कळलं.

"बाजूने काय बघतेस? तो आडवा वाकतो. वरून बघ."

शिडी आणली. कॅमेरा वर चढवला, डोक्यावरून खाली बघणारा. मी माझा एक कापलेला, जड टोकाचा बाण मारला. मग त्यांना विचारलं, तुम्ही मारता? त्यांनी स्वतःचं धनुष्य आणलं, उभं राहायच्या जागेवरची फळी पायांनी चाचपली आणि एकच बाण मारला.

क्लबच्या खोलीत आम्ही भिंतीवर चादर लावली आणि चित्रफीत मोठी करून दाखवली. आणखी चारपाच जण मागे येऊन उभे राहिले. बाई पहिल्या खुर्चीवर बसल्या, मान उजवीकडे वळवून, म्हणजे चादर त्यांच्या डोळ्यांच्या कडेला येईल अशी.

आधी त्यांचा बाण लावला. दोरी सुटली, आणि ती दांडी, जिच्यासारख्या मी शंभरदा हातात धरल्या होत्या, चक्क वाकली. पोट धनुष्याकडे गेलं. मग सावकाश, जणू कुणी हाताने ओढल्यासारखं, बाहेर आलं. मग पुन्हा आत. शेपूट डावीकडे सरकलं आणि करडी पिसं मुठीपासून बोटभर अंतर राखून निघून गेली. पुढे मोकळ्या हवेतही तो वळवळत होता, प्रत्येक वळवळ आधीपेक्षा लहान. माझ्या कामात थरथर दिसली की ती मारायची असते, त्यासाठीच मला पगार मिळतो. ही थरथर कुणीतरी अंगठ्याने जोखून मुद्दाम तेवढीच ठेवलेली होती.

बाई म्हणाल्या, "पुन्हा लाव."

सात वेळा लावली. शेवटी त्या म्हणाल्या, "साठ वर्षं लोकांना सांगत आले. खोटं नव्हते बोलत म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "वडिलांना दिसायला हवं होतं."

मग माझा बाण लावला. तोही वाकत होता, मला तर छानच वाटला. बाईंनी हात वर केला. "थांब. मागे घे. शेपूट बघ. पीस घासतंय."

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, एका पिसाची कड धनुष्याला लागून किंचित दुमडत होती. चांगले डोळे असलेल्या आम्हा सहाजणांपैकी कुणाला ते दिसलं नव्हतं.

"नवे बाण करू," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी तुझी करवत घरी ठेव."

तो संच आम्ही दोघींनी मिळून केला. निवड त्यांची, मोजणी माझी, पिसं मी चिकटवली, त्यातली दोन वाकडी चिकटली म्हणून परत काढली. ते बाण मी आजही वापरते. बाईंचे डोळे पुढे आणखी अधू झाले, तशी क्लबने त्यांच्यासाठी वीस यार्डांवर लक्ष्य ठेवलं. उभं राहायच्या जागी जमिनीत फळी पक्की केली, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून बाण कुठे लागला ते सांगायला लागले. लक्ष्यावरच्या वर्तुळाचा रंग आणि घड्याळातली जागा सांगायची: "निळ्यात, सात वाजता," की त्या नेम किंचित उजवीकडे वर सरकवतात.

गेल्या शनिवारी त्यांनी दोरी ओढली, सोडली, आणि मी गप्प राहिले.

"बॅब? कुठे लागला?"

"बघितलंच नाही," मी म्हणाले. "मी बाणाकडे बघत होते."

"दिसला वाकताना?"

"नाही."

त्या मनापासून हसल्या, आणि चाचपत भात्यातून दुसरा बाण काढला.