सुरगाण्याचं जातं

वारसा संस्थेच्या 'जुन्या वस्तू' स्पर्धेत नोंदणीला मी बसले होते. शहरातल्या शाळांनी थर्माकोलची जाती आणली होती. सुरगाण्याकडचे एक गुरुजी मात्र जीपमधून खरं दगडी जातं घेऊन आले. त्याला चिकटलेलं पीठ ते रुमालाने पुसत होते, बहुधा जातं जुनं दिसावं म्हणून.

परीक्षक खूश झाले. "पहिलं बक्षीस तुमच्या शाळेलाच!"

मी नियम वाचला, "वस्तू आठवडाभर प्रदर्शनात ठेवावी लागेल, सर."

"आठवडाभर? नाय जमायचं, मॅडम. वर्गातल्या एका पोरीच्या घरचं हाय. उद्या नागली दळायचीय."

त्यांनी जातं परत जीपमध्ये चढवलं.

बक्षीस थर्माकोलच्या जात्याला मिळालं. ते अजून संस्थेच्या कपाटावर आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.