बायनाबाईची वानरं

बहात्तरच्या दुष्काळात धारूरच्या घाटाखाली आमच्या सहकारी दूध संस्थेनं गुरांची छावणी घातली होती. मी तिथं जनावरांचा डॉक्टर. हौदावर पाणी भरायला बायनाबाई होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, जवळ चार वर्षांची लेक, सुंदरा.

घाटातले पाणवठे आटले तशी वानरं हौदावर येऊ लागली. लोक दगड घेऊन धावायचे. बायनाबाई आडवी व्हायची. "मारू नगा. त्यान्ला कोन पाजनार?" महिनाभरात वानरं सुंदराच्या हातातली सरकारी सुकडी खाऊ लागली.

माघात सुंदराला गोवर आला. तापात रडणारी पोर वानरं जवळ आली की गप व्हायची. म्हणून आई तिला हौदाच्या सावलीतच निजवायची.

पोर बरी झाली. मग वानरांचे डोळे चिकटले, नाकं वाहू लागली. काळ्या तोंडांवर पुरळ मला दिसलंच नाही. एका मेलेल्या पिलाच्या पोटावर दिसलं. पंधरा दिवसांत एकवीस मेली. बायनाबाईनं सगळी स्वतः ओढ्यात पुरली. मी रक्त पुण्याला तपासायला पाठवलं होतं. पावसाळ्यात पत्र आलं: गोवर.

ते मी तिला सांगायला नको होतं. पण वय लहान, शिकलेलं सांगायची हौस. म्हणालो, "बाई, गुरांची बुळकांडी आणि गोवर एकाच घराण्यातले. हजारो वर्षांपूर्वी ही लागण गुरांतून माणसात आली, बदलत बदलत माणसाचीच होऊन बसली. आता माणसातून वानरात गेली."

"म्हंजी माझ्या सुंदराची लागली?"

"लेकराचा काय दोष?"

"तिचा न्हाई. तितं निजवलं मी."

घाटात उरलेली दोन-चार वानरं कुठं गेली कळलं नाही, नवी आली नाहीत.

पंधरा वर्षांनी घाटाखालच्या तिच्या गावात गोवराची लस आली. नर्सबाईंच्या पुढं बायनाबाई घरोघर हिंडायची. मी कामानिमित्त गावात होतो. गावातला म्हातारा आप्पाराव आपल्या नातवाला सुई टोचू देईना.

"गोवरानं कोन मरतंय?" तो म्हणाला.

"घाटात जाऊन बग," बायनाबाई म्हणाली. "एक तरी वानर हाय का?"

त्याला काही उमगलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यानं नातू पुढं केला. मी शेजारच्याच ओट्यावर होतो. तिच्या नजरेस पडायच्या आत उठून निघून आलो.