दूध, नाका आणि साळवे हवालदार

एकाच रस्त्यानं रोज ये-जा केली की रस्ता अंगवळणी पडतो, माणूस बेफिकीर होतो, आणि किस्से नेमके तिथंच साचतात. मी रोजच्या दुधाचे लिटर, फॅट आणि पोचल्याची वेळ वहीत टिपून ठेवायचो. कडेला ‘शेरा’ म्हणून एक रकाना होता. त्या वर्षी तो बहुतेक साळवे हवालदारांनीच भरला. आता वही चाळताना हसू येतं, आणि हात जोडावेसेही वाटतात.

आमचं गाव धारूरच्या डोंगरात. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सेक्रेटरी. दुष्काळानं रान करपलेलं, घरं चालत होती ती दावणीच्या दोन-तीन जनावरांवर. गावातलाच अंकुश मोटारसायकल चालवायचा, दोन्ही अंगांना कॅन, मागं मी. घाट उतरून माजलगावच्या शीतकरण केंद्रात नऊच्या आत दूध पोचवायचं. उन्हानं दोनदा दूध नासलं होतं. दूध संघाचं पत्र आलं होतं : तिसऱ्यांदा नासलं तर गावचं संकलन बंद!

आणि शहराच्या तोंडाशी, नाक्यावर, साळवे हवालदार उभे!

* * *

पहिली भेट हेल्मेटवरून झाली. एका कॅनचं झाकण घाटात उडून दरीत गेलं. अंकुशनं कॅनच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि वरून आपलं हेल्मेट दोरीनं आवळलं.

“हेल्मेट कुठंय?” साळव्यांनी शिट्टी मारून विचारलं.

“हाय की साहेब, कॅनवर!”

“दुधाला हेल्मेट, आन् तुझ्या डोक्याला कावून न्हाई?”

“माझं डोकं सांडत न्हाई, साहेब!”

पावती फाटली. मी त्याच दिवशी बाजारातून नवं झाकण आणलं.

* * *

मग बाजाराच्या कोपऱ्यावर एके सकाळी ‘प्रवेश बंद’ची पाटी लागली. आम्ही नेहमीच्या सवयीनं आत घुसलो. पलीकडच्या टोकाला साळवे.

“साहेब, वीस वर्षं याच रस्त्यानं जातोय,” अंकुश कळवळून म्हणाला.

“वीस वर्षं?” साळव्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मग सगळ्याची लावू का आजची लावू?”

“आजचीच लावा साहेब! लई उपकार होतील!”

दंड भरून वर आभार मानणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

* * *

एकदा आमचे चेअरमन संघाच्या मीटिंगला आले होते. परतीची एस.टी. चुकली. “कॅन तर रिकामेच हायेत,” म्हणत ते आमच्या गाडीवर चढले. अंकुश, मी आणि मागं इस्त्रीच्या कपड्यांतले चेअरमन. ट्रिपल सीट!

साळव्यांनी आडवा हात केला. “तिघांत मोठं कोण?”

“मी!” चेअरमननी छाती पुढं काढली. “चेअरमन हाय मी संस्थेचा!”

“मग तुमीच उतरा. ह्यातला एक उतरवला तर उद्या दूध कोण आणंल?”

चेअरमन दोन तासांनी दुसऱ्या एस.टी.नं गावी पोचले. पुढच्या मीटिंगला विषय क्रमांक एक : वाहतुकीचे नियम!

* * *

मे महिन्यात गावात टँकर चार दिवसांआड यायला लागला. त्याच सुमारास ब्रेकलाइट लागत नाही म्हणून साळव्यांनी आम्हाला थांबवलं. पावती लिहिता लिहिता त्यांनी कॅनवर टिचकी मारली.

“दुधात पाणी तर न्हाई ना बे?”

“कावून थट्टा करता गरिबाची?” अंकुश म्हणाला. “पाणी असतं तर आमीच प्यालो नसतो का?”

साळवे हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पावती मात्र पूर्ण लिहिली, तारखेखाली रेघ मारून.

* * *

आणि हा त्याच महिन्यातला.

दूध थंड राहावं म्हणून आम्ही कॅनवर ओली गोणपाटं टाकायचो. त्या पाण्याची गावात पाळी लावलेली होती. रोज एका घरानं भांडी विसळलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून पहाटे डेअरीवर आणायचं. प्यायला पाणी नव्हतं, पण पाळी कुणी चुकवली नाही.

त्या दिवशी घाटात पंक्चर झालं. कॅन उतरवले, चाक काढलं, पंक्चर काढलं, कॅन पुन्हा चढवले. तोवर ऊन चढलं. गोणपाटं वाळून पापडासारखी कडक झाली. मी कॅनला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

नाक्यावर शिट्टी वाजली. आठ पन्नास.

“साहेब, आज नका!” मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोललो. “आज दूध नासलं तर गावचं संकलन बंद होतंय!”

“नंबर प्लेट कुठाय?”

मागं वळून पाहिलं. घाईत टाकलेलं गोणपाट घसरून नंबर प्लेटवर लोंबत होतं. नंबरातलं एकही अक्षर दिसत नव्हतं!

साळव्यांनी पुस्तक काढलं. नाव, गाव, गाडी, सगळं ठरल्या चालीनं लिहिलं. अंकुशच्या डोळ्यांत पाणी आलं. पावती माझ्या हातात देऊन साळवे चौकीच्या सावलीत गेले. तिथं त्यांचा पाण्याचा जार होता. नाक्याला दिवसभराला तो एकच मिळायचा. जार खांद्यावर घेऊन ते आले आणि त्यांनी तो कॅनवरच्या गोणपाटांवर उपडा केला. आधी डावीकडं, मग उजवीकडं. शेवटचा थेंब पडेपर्यंत.

“गोणपाट वर खोचा,” ते म्हणाले. “नंबर झाकला तर परत पावती. निघा!”

केंद्रात केमिस्टनं नळीत दूध घेतलं, ज्योतीवर धरलं. उकळी आली. आम्ही दोघं नळीकडं बघत राहिलो. दूध फाटलं नाही.

“घ्या आत,” केमिस्ट म्हणाला.

परतताना दुपारचा एक वाजला होता. रस्ता तव्यासारखा तापलेला. साळवे हवालदार भर उन्हात उभे, ओठ सुकलेले. चौकीच्या भिंतीशी रिकामा जार आडवा पडलेला. अंकुशनं शिट्टी न वाजताच गाडी त्यांच्यासमोर नेऊन थांबवली. बाजारातून विकत घेतलेली गार पाण्याची बाटली पिशवीतून काढून त्यानं दोन्ही हातांनी पुढं केली.

साळव्यांनी बाटली घेतली, टोपण उघडलं आणि घटाघटा अर्धी संपवली. तोंड पुसलं. मग बाटली काखेत धरून खिशातलं पुस्तक काढलं.

“इथं गाडी उभी करायला मनाई हाय,” ते म्हणाले. “नाव सांग!”